मोटरीची जाळी आणि तुझी बशी

माय,

परवा एका कारंज्याच्या मोटरीची जाळी उघडून गाळात बोटं घातली आणि तुझी आठवण झाली. तशी ती अधूनमधून होतेच, पण या वेळी आली ती गेली नाही. म्हणून लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं. मी शाळेतून पुस्तक घेऊन आलो की भाकरी थापता थापता तू म्हणायचीस, "वाच तू, मी आयकून राह्यली." म्हणून हेही मी लिहिता लिहिता हळू आवाजात वाचतो आहे. घरात सगळ्यांना वाटतं, मी पोथी वाचतोय.

तू गेलीस तेव्हा कामरगावच्या मळ्यात आपले वांग्याचे आणि मेथीचे वाफे होते. मळा अजून आहे, पण मी आता तालुक्याच्या रस्त्यावर रोपं विकतो. गुलाब, शेवंती, आणि मोठ्या टबांमध्ये कमळं. कमळं विकता विकता तळ्यांचं काम मागे लागलं. आताशा लोक घरापुढे लहानसं तळं करतात. तळं म्हणजे फार तर आपल्या बैलांच्या हौदाएवढं. त्याच्या बुडाशी मुठीएवढी मोटर ठेवतात. ती पाणी ओढते, एका डब्यातल्या स्पंजातून गाळते आणि कारंज्यातून परत सोडते. त्या डब्याला फिल्टर म्हणतात. पाणी गाळायला मोटर निघाली हे तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "मंग बायांनी काय कराव?" दोनेक महिन्यांनी स्पंज गच्च भरतो, कारंज्याची धार बारीक होते आणि मला बोलावणं येतं. मी डबा उघडला की आत काहीतरी वळवळत असतं आणि घरची माणसं दोन पावलं मागे सरतात. त्यांना एवढंच हवं असतं, हे डासाचं आहे की नाही. मी पिशवीतून बशी काढतो, स्पंज तिच्यात पिळतो आणि बशी उन्हात धरतो. बशी तुझीच आहे. निळ्या काठाची, एका अंगाला टवका गेलेली.

ती शेठाणी काकूंच्या स्वयंपाकघरातली. गावातल्या त्या किराणा दुकानाच्या मागे त्यांचं घर, घराच्या मागे विहीर. सकाळी भाजीची टोपली त्यांच्या ओट्यावर उतरवून तू त्यांचं पिण्याचं पाणी भरायचीस. ते लोक जैन, न गाळलेलं पाणी तोंडाला लावत नसत. गाळण्याचा तो जाड पांढरा कपडा, त्याची दुहेरी घडी, घागरीच्या तोंडावर तो बसवताना तुझ्या बोटांची होणारी घाई, सगळं मला अजून दिसतं. आणि गाळून काम संपत नसे. कपड्यावर जे राहिलं ते गाळलेल्याच पाण्याने एका लहान पितळी बादलीत उतरवायचं आणि त्याच विहिरीत परत सोडायचं. ते त्याला जिवाणी म्हणत. वरून ओतायचं नाही, इतक्या उंचावरून पाण्यावर आपटले तर जीव मरतात. म्हणून त्या बादलीच्या बुडालाही एक कडी होती आणि तिला दुसरी दोरी. बादली पाण्याला टेकली की वरची दोरी सैल सोडायची आणि बुडाची हळूच ओढायची. बादली पाण्यातच पालथी होते. तू वाकून बघायचीस आणि पुटपुटायचीस, "जा, आपल्या घरी जा." आपण माळी, आपला असा काही नेम नव्हता. पण काम घेतलं तर नेमासकट घ्यायचं, असं तुझं होतं.

काम झाल्यावर शेठाणी काकू तुला चहा देत. तुझी कपबशी कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. त्याबद्दल तू कधी काही बोलली नाहीस, मीही तेव्हा विचारलं नाही. चहा पिऊन झाला की तू ती बशी धुवायचीस, जिवाणीतलं थोडं पाणी तिच्यात घ्यायचीस आणि मला बोलवायचीस. तुझी नावं तुझीच होती. पाण्याच्या वरच्या अंगाला डोकं खाली करून लटकणारा, सावली पडली की वळवळत बुडी मारणारा तो डुबक्या. "हा मच्छराचा पोर्‍या व्हय. याले दम घ्याले वर याच लागते." रक्तासारखा लाल, आठच्या आकड्यात वळणारा तो लाल्या. "हा गरीब. याचा बाप मच्छरावानी दिसते पन चावत नाई." उंदराच्या शेपटीसारखी लांब शेपूट असलेली ती शेपटाबाई. आणि सहा पायांचा, मोठ्या डोळ्यांचा, मातीच्या रंगाचा तो फौजदार. हा फौजदार डुबक्याला धरून खातो आणि एक दिवस काठीवर चढून पाठ फोडून चतुर होऊन उडतो, हे तू सांगितलंस तेव्हा मला थाप वाटली होती. पुढे शाळेत गुरुजींनी फळ्यावर तसंच चित्र काढलं. मी घरी येऊन सांगितलं तर तू म्हणालीस, "त्याहीले बी त्याहीच्या मायनं दाखोलं असन."

आता परवाचं सांगतो. तालुक्याच्या गावात एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांच्या यजमानांनी शेवटच्या दिवसांत स्वतःच्या हातांनी अंगणात तळं बांधलं, दगड न् दगड त्यांनी बसवला. ते गेल्या वर्षी गेले. बाई संध्याकाळी त्या काठावर बसतात. कोणी विचारलं तर म्हणतात, जेवणानंतर तिथे बरं वाटतं. समोरच्या घरातल्या आजोबांच्या नातीला यंदा डेंग्यू झाला. पोर आठ वर्षांची. अकोल्याच्या दवाखान्यात आठ दिवस राहून नुकतीच घरी आली. तिच्या आजोबांनी बाईंना निरोप पाठवला की हे तळं बुजवा. बाईंनी मला फोन केला. मी पोचलो तेव्हा दारात मुरुमाची ट्रॉली उभी होती, ट्रॅक्टरवाला सावलीत बिडी ओढत होता आणि आजोबा तळ्याच्या काठावर पायांवर बसून पाण्यात पाहत होते.

"आला का मोटरीचा डॉक्टर," ते म्हणाले. "पाह्य बरं, कायची पैदास करून ठेवली त. आनि एका शब्दात सांगजो. मच्छर व्हय का नाई?"

"एका शब्दात नाही सांगता येत, काका. बशीत पाहू द्या."

"बशीत? चहा पेतं का त्याचा?"

बाई पायरीवर उभ्या होत्या. मला फक्त म्हणाल्या, "तुम्ही जे असेल ते सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

मी मोटर बंद केली, वर काढली, जाळी उघडली. जाळीच्या मागे दोन फौजदार बसले होते, एक तर माझ्या करंगळीच्या पेराएवढा. स्पंज पिळला तर बशी लाल झाली, इतके लाल्या. तुला ठाऊक नसलेला एक प्रकारही होता, सुताच्या तुकड्यासारखा राखाडी. मोरीच्या भिंतीवर बसणारी जी केसाळ माशी असते, तिची अळी. ती स्पंजातला चिकटा खाऊन राहते. डुबक्या एकही नव्हता. असायचं कारणही नव्हतं. पाणी फिरतं होतं, तळ्यात गप्पी मासे होते, आणि वर श्वास घ्यायला येणाऱ्याला मोटरीच्या ओढीत टिकता येत नाही. मी आजोबांना एकेक जीव काडीने वेगळा करून दाखवला. तेवढ्यात ती पोरगीही कठड्याशी आली, शालीत गुंडाळलेली, गालांची हाडं वर आलेली. "काका, हा चावते काय?" तिने फौजदाराकडे बोट दाखवून विचारलं.

"बोट तोंडात दिलं तर चावेल. नाहीतर तो डासाची पोरं खातो."

"मंग याले आपल्या घरी नेऊ आबा."

आजोबा हसले नाहीत, पण बशीत वाकून पाहू लागले. मग म्हणाले, "बरं. तुह्या देवाची आन घेऊन सांग. बाईच्या आवारात मच्छराची पैदास नाई?"

माय, मी गुरुवारचा दत्ताच्या देवळात जातो. शपथ घेत नाही. म्हणालो, "मागचं अंगणही पाहून येतो, मग सांगतो." आणि मागे गेलो. खरं तर मला तिथे काही सापडेल असं वाटत नव्हतं. सगळं पाहिलं असं म्हणता यावं, एवढ्यासाठीच गेलो.

मागे कपडे धुण्याच्या दगडाशेजारी एक डबा होता. काळा, झाकण अर्धं सरकलेलं. ओळखायला मला क्षणही लागला नाही. आषाढात मीच जुना फिल्टर काढून नवा बसवला होता. जुन्याचा कोपरा चिरला होता, पण वरच्या बाजूला. "पुढच्या खेपेला घेऊन जातो, बाई," असं म्हणून मी तो तिथे ठेवला आणि विसरलो. श्रावण-भादव्याचं पाणी त्यात साचलं होतं. स्वच्छ, निवळ पाणी, तळ दिसेल असं. मी वाकलो. माझी सावली पाण्यावर पडली आणि शेकडो डुबक्यांनी एकदम बुडी मारली.

डेंग्यूचा डास असाच असतो, त्याला घाण पाणी नको, थांबलेलं निवळ पाणी हवं. हे आरोग्य केंद्राच्या आशाताईंच्या तोंडून मी कितीदा ऐकलं आहे आणि स्वतः दहा जणांना ऐकवलं आहे. त्या डब्यापासून समोरच्या घराची खिडकी हाकेच्या अंतरावर. पोरीला चावलेला डास त्याच डब्यातला होता असं कोणी सांगू शकत नाही. नव्हता असंही सांगू शकत नाही. पुढच्या अंगणात सगळे बशीभोवती होते. मागे कोणी नव्हतं. डबा मातीवर कलंडवला असता तर उन्हाने दहा मिनिटांत सगळं सुकलं असतं, आणि मी पुढे येऊन जे म्हणालो असतो ते अक्षरशः खरं ठरलं असतं. तळ्यात मच्छर नाहीत.

तिथे उभा असताना मला शेठाणी काकूंची विहीर दिसली.

ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ताप आला होता, हिवाचा, दोन गोधड्यांखाली तू कापत होतीस. मी सातवीत होतो. तू म्हणालीस, "आजच्या दिस तू भरून दे पानी. कडीची बादली इसरू नको." मी पाणी भरलं, गाळलं. शाळेची घंटा झाली होती. दोन दोऱ्यांचा गुंता झालेला, मला ती बादली नीट सोडता येईना. मी कपडा मोगऱ्याच्या आळ्यात झटकला आणि धावत सुटलो. दुसऱ्या दिवशी शेठाणी काकूंनी तुला विचारलं. मोगऱ्याच्या आळ्याबाहेरची एरवी कोरडी असणारी माती त्यांना आदल्या दिवशी ओली दिसली होती. तू घरी आलीस, अजून अंगात कणकण होती, आणि चुलीपुढे बसून मला विचारलंस, "जिवानी कुठी सोडली तं?"

"विहिरीत," मी म्हणालो.

"कडीच्या बादलीनं?"

"हो."

तू पुन्हा विचारलं नाहीस. सकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणालीस, आणि मी टोपली धरून मागे उभा होतो, "काकू, माह्या लेकरानं इहिरीतच सोडली. थो लबाड नाई बोलत." काकू रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की थोडे दिवस पिण्याचं पाणी सून भरेल, तू धान्य निवड. तू टोपली उचललीस. "माह्या लेकरावर भरोसा नसन त माह्यावरबी कायले ठेवता?" काकू घरात गेल्या आणि तुझी कपबशी घेऊन आल्या. "ही तुझी आहे, घेऊन जा," म्हणाल्या. माया म्हणून दिली की ती कपबशी आता कोणाच्या कामाची नव्हती म्हणून, मला अजून कळलेलं नाही. कप त्याच पावसाळ्यात फुटला. त्या ओट्यावर तू पुन्हा चढली नाहीस. भाजी घेऊन उन्हात धनजच्या बाजारापर्यंत पायी जायचीस, पण त्या गल्लीतून नाही. वाटेत कोणी विचारलं की शेठाणीचं काम काहून सोडलं, तर सांगायचीस, "माह्या पोराले लबाड म्हनलं." ते मी किती वेळा ऐकलं, माय. प्रत्येक वेळी मला सांगता आलं असतं.

तेव्हा त्या डब्याशी उभा राहून मी हाक मारली. "काका, इकडे या. बाई, तुम्हीही." ते आले. मी झाकण सरकवलं आणि म्हणालो, "हे मच्छर आहेत. हा डबा माझा आहे. आषाढात मी ठेवला आणि न्यायचा विसरलो. बाईंच्या तळ्याचा यात काही संबंध नाही."

आजोबा वाकले. त्यांची सावली पडली, पुन्हा सगळ्यांनी बुडी मारली. ते गुडघ्यांवर हात टेकून सरळ झाले. मग म्हणाले, "तुले लेकरं हायेत?"

"दोन आहेत."

"आठ दिस म्या तिच्या उशाशी बसून काढले. पानी बी घशाखाली उतरत नोतं तिच्या." एवढंच. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. तो डबा त्यांनी रोज कपडे वाळत घालताना पाहिला असणार, आणि तेच त्यांच्या मनात चाललं असावं. मी डबा उचलला, दूर तापलेल्या फरशीवर नेऊन पालथा केला. ते जीव मी मारले. त्यांच्यासाठी कडीची बादली नव्हती. तूही सोडले नसतेस, असं मी मनाला सांगितलं. पण नेमाचं काम असतं तर तू सोडले असतेस, हेही मला माहीत आहे.

पुढे परत आलो तर आजोबा ट्रॅक्टरवाल्याला सांगत होते, "गल्लीत खड्डे हायेत, तिथं टाक. मुरूम आनलाच हाये त." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खरं म्हनलं त थो तुह्या घरी टाकाले पायजे." ट्रॅक्टरवाला हसला. ते हसले नाहीत. "दर शुक्करवारी येत जाजो. बाईचं पायशीन, अन माह्या घरचंबी पायशीन. कूलर हाये, गच्चीवर टाकी हाये. पैशाचं मंग बोलू."

"पैसे नकोत."

"तेच म्हनलं म्या."

मी बशीतले जीव तळ्यात परत सोडले. फौजदारांना आधी, लाल्या नंतर, बशी पाण्याला टेकवून हळूच तिरपी करून. ओठ हलले असावेत, कारण त्या पोरीने विचारलं, "काका, तुमी काय म्हनलं त्याहीले?" मी म्हणालो, काही नाही.

काल शुक्रवार होता. गेलो. तळ्याचं पाणी निवळ होतं, कारंज्याची धार चांगली उंच जात होती, आणि बाईंनी मला चहा दिला. आजोबांनी स्वतः जिना चढून गच्चीची टाकी दाखवली. झाकण घट्ट. मग कूलर दाखवला. त्याची टाकी खडखडीत कोरडी होती, आतली धूळसुद्धा महिनोन् महिने भिजलेली नव्हती. मी हात घालून पाहिलं आणि मला वाईट वाटलं, माय. ती ओली निघावी असं माझ्या मनात होतं. पायऱ्या उतरताना हे माझ्या लक्षात आलं आणि लाज वाटली. पोरगी खाली अंगणात वही घेऊन बसली होती. तिने फौजदाराचं चित्र काढलं होतं. पाय आठ काढले होते. मी म्हटलं सहा कर, तर म्हणाली, "पळून राह्यला होता, मोजता नाई आले."

तुला माझं खोटं कळलं होतं का, हे मी पुष्कळदा मनात घोळवतो. एकदा, तू शेवटची आजारी असताना, मी तुला पाणी पाजत होतो. ग्लासात काहीतरी होतं, धुळीचा कण असेल. तू तो ग्लास उजेडात धरलास, बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालीस, "ओळखाव पयले. मंग फेकाच असन त फेकाव." एवढं बोलून पाणी प्यायलीस. तेव्हा मला वाटलं, तापात बोलतेस. आता वाटतं, की नाही. पण तुला कळलं असेल तर त्या ओट्यावर तू माझ्यासाठी जे बोललीस ते कळून बोललीस, आणि ते मला अधिक सोसवत नाही. म्हणून मी तुला ठाऊक नव्हतं असंच धरून चालतो, आणि इथे लिहितो. जिवाणी मी मोगऱ्याच्या आळ्यात झटकली होती. शेठाणी काकूंनी पाहिलेली माती ओलीच होती.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. घडी करून बशीखाली ठेवीन, पिशवीत, म्हणजे ती घासली जाणार नाही.

अजून एक राहिलं. मी हाक मारली असं वर लिहिलं, ते खरं आहे. पण हाक मारण्याआधी मी डब्याला हात घातला होता. एका बाजूने उचललाही होता. थोडं पाणी सांडलं. आजोबा आले तेव्हा मी त्या ओल्या मातीवर पाय ठेवून उभा होतो.